अंतरवालीहून हमामपर्यंत

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या सप्टेंबरपासून साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाले. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार, मग पुढाऱ्यांच्या गाड्यांच्या रांगा. पण त्याआधी आणि त्यानंतरही हे अंबड तालुक्यातले, वडीगोद्रीजवळचे शेतीचे गाव आहे. कापूस, ऊस, मोसंबी. कापूस फुटला की बायका सकाळी घरचे आवरून रानात जातात आणि कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात. माझी खाला त्यांच्यातलीच. तिच्या पाठीला शेवटचे तेल लागले ते धाकट्या लेकाच्या बाळंतपणात. त्याला आता अठ्ठावीस वर्षे झाली.

तिची मुलगी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नोकरी करते. तिने आईला स्पामध्ये मसाजला न्यायचे ठरवले, तेव्हा घरात दोन तट पडले. कुणी म्हणाले, ही श्रीमंतांची थेरं. कुणी म्हणाले, आपल्याला शोभत नाही. खालाचे प्रश्न मात्र सरळ होते. "हात कोण लावणार? कपडे काढावे लागतात का? नमाज चुकली तर?"

हे तीन प्रश्न नवे नाहीत. इमाम गझाली (रह.) यांचे निधन ११११ साली झाले. त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये पाकीच्या प्रकरणात हमामचे अदब सविस्तर लिहिले आहेत. आपले सतर झाकावे, दुसऱ्याच्या सतरावर नजर टाकू नये, एकदम गरम खोलीत घुसू नये, पाणी गरजेपुरतेच वापरावे. मगरिबच्या सुमारास जाणे टाळावे. आणि हमामवाल्याची मजुरी आत जाण्याआधीच द्यावी, म्हणजे त्याचे मन निश्चिंत राहते. मला यातली शेवटची गोष्ट फार आवडते. अंग चोळणाऱ्याच्या मनाचाही विचार नऊशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

हदीसमध्ये पुरुषांनी लुंगीशिवाय हमामात जाऊ नये, अशी ताकीद आहे. स्त्रियांना हमामापासून रोखणाऱ्याही रिवायती आहेत, आणि त्यातल्या एकीत आजारी स्त्री व बाळंतीण यांना सूट दिलेली आहे. घरातल्या कडक मंडळींनी पहिला भाग ऐकवला, दुसरा मी ऐकवला. कंबर धरलेली बाई आजारी नाही तर कोण?

मग फोन केले. पहिल्या ठिकाणी विचारले, मसाज बाईच करेल ना? उत्तर आले, "या तर खरं, तेव्हा बघू." तो नंबर तिथेच सोडला. जिथे "बघू" म्हणतात तिथे आपल्या बायकांना नेऊ नये, मग कितीही सवलत असो. दुसऱ्या ठिकाणी नीट सांगितले: बाईच असेल, दार आतून बंद होते, खोलीत कॅमेरा नाही, सलवार घालून राहिले तरी चालते, पाठीवर चादर असते. बहुतेक फकीहांच्या मते स्त्रीने स्त्रीसमोरही नाभीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकायचे असते. मसाज करणारी मुस्लिम नसेल तर काही उलेमा याहून काटेकोर आहेत. तुम्ही ज्यांना मसले विचारता, त्यांना आधीच विचारून घ्यावे.

वडीगोद्री, पाचोड, आडूळ करत आम्ही सकाळीच शहरात पोचलो. वेळ दुपारची होती, म्हणून आधी दौलताबादला गेलो. लोक चांद मिनार बघतात, अंधारीतून वर चढतात आणि शाही हमाम तसाच राहून जातो. एकातून एक निघणाऱ्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, नाल्या, उजेडासाठी छतात ठेवलेली भोके. हमामची रीतच अशी, की आधी कपडे बदलायची जागा, मग कोमट, मग गरम. अंगाला सवय होत होत पुढे जायचे. खाला म्हणाली, "म्हणजे आपल्या न्हाणीसारखंच, फक्त मोठं." भोपाळला कमला पार्कजवळ कदिमी हमाम आहे, काश्मीरात मशिदींच्या फरशीखाली आग पेटवून उबेच्या खोल्या करतात, हे सांगितल्यावर तिची भीड थोडी चेपली.

आणि स्पा म्हणजे विलायती चाळे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद १८१४ साली इंग्लंडात ब्रायटनला वाफेचे स्नान आणि चंपी घेऊन गेले. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांच्याकडून अंग चोळून घेतले. 'शॅम्पू' हा शब्द आपल्याच चंपीच्या घरातला.

तयारी फार नव्हती. जेवण दीड-दोन तास आधी आणि हलके. बांगड्या, साखळी घरीच. जुहर पढून निघालो, म्हणजे असरपर्यंत घाई नाही. खालाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ते आधीच सांगितले आणि वाफेची खोली टाळली. मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण, पायात गाठ किंवा सूज, ताप, उघडी जखम यांतले काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. तेल कोणते, तेही विचारावे. काहींना बदाम-शेंगदाण्याचे सोसत नाही. तेलाने वजू अडत नाही, पाणी अंगावरून वाहिले की झाले. वाळलेला मातीचा लेप मात्र आधी धुऊन काढावा लागतो. जोर जास्त वाटला तर "हळू" म्हणायचे, हे खालाला दोनदा बजावले, कारण आपल्या बायका दुखले तरी गप्प बसतात.

गझालींच्या सल्ल्याप्रमाणे पैसे आधी भरले. मसाज करणारी मुलगी मणिपूरची होती. मी दाराबाहेर बसले होते. आधी शांतता, मग बोलण्याचा आवाज. खालाने तिला विचारले होते, "बेटी, दिवसभर तू लोकांच्या पाठी चोळतेस, तुझी पाठ कोण चोळतं?" ती म्हणाली, खोलीतली मैत्रीण, सुट्टीच्या दिवशी.

बाहेर आल्यावर खाला बराच वेळ पाणी पीत बसली. गावाहून आणलेल्या मोसंब्यांची पिशवी बहिणीसाठी होती. तिने त्यातल्या निम्म्या त्या मुलीला दिल्या. असर पढलो आणि बस धरली. किंमत तिने लेकीकडून काढून घेतलीच, आणि ती कापसाच्या किती दिवसांच्या वेचणीची होते, याचा हिशेब पाचोड येईपर्यंत पुरा केला. दुसऱ्या वेचणीनंतर पुन्हा जायचे का, ते अजून सांगितलेले नाही.