घरपोच येणारा जीव



घरात मासे पाळावेत का, या प्रश्नाला आमच्या सासूबाईंचं उत्तर तीन शब्दांचं आहे: जीव कोंडू नये. मलाही ते मान्य आहे. ज्यांच्याकडे मासे नाहीत त्यांनी हौसेपोटी आणू नयेत, असंच मी सांगेन. पण प्रत्येक घरात हा प्रश्न इतका सरळ येत नाही. कुणाच्या मुलाला वाढदिवसाला मासे भेट मिळतात, कुणाच्या भाड्याच्या घरात टाकी आधीपासूनच असते.

माझ्या पुण्याच्या भाचीचं तसंच झालं. तिच्यासोबत राहणारी मैत्रीण नोकरीसाठी परदेशी गेली आणि वीस लिटरची काचेची टाकी हिच्यावर सोपवून गेली. टाकीत तीन निऑन टेट्रा. इवलासा मासा, अंगावर निळी आणि लाल रेघ. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला आणि थव्याने राहणारा. सहा-आठ तरी सोबती लागतात. दोन-तीनच उरले की बावरतात, कोपऱ्यात दडून राहतात, रंगही फिका पडतो. भाचीचा फोन आला, "मावशी, आणखी पाच मागवू का गं? ऑनलाइन मिळतात. पण विश्वास कुणावर ठेवायचा?"

सासूबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "जे आहेत त्यांना सांभाळायलाच हवं. पण तिघांच्या सोबतीसाठी आणखी पाच कोंडायचे, याचा हिशोब तुम्हीच करा."

तो हिशोब करताना मला पाठशाळा आठवली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी बाईंनी ते बैलाचं उदाहरण देऊन शिकवले होते. मासाही पंचेंद्रियच. मासे विकणारा पारखायला हे पाच शब्द पुरेसे पडले, म्हणून ते इथे मांडते.

बंध. आधी विक्रेत्याला विचारावं की हा मासा पूर्ण वाढला की केवढा होतो आणि त्याला किती लिटरची टाकी लागते. जो "कशातही राहतो हो" म्हणतो, त्याला तिथेच नमस्कार करावा. गोल काचेचं भांडं कोणत्याच माशाला पुरत नाही. फेंगशुईच्या नावाखाली घेतला जाणारा अरोवाना दोन-तीन फूट वाढतो आणि त्याला खायला बहुतेक ठिकाणी जिवंत मासेच घालतात. आपल्या घरात तो येण्याचा प्रश्नच नाही. आणखी एक खूण सांगते. नवी टाकी आणि मासे एकाच दिवशी विकणारा भरवशाचा नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर स्वच्छ दिसणारं पाणीही माशाला विषारी असू शकतं.

वध. इथे प्रवासाचं बघायचं. मासे प्लास्टिकच्या पिशवीत येतात. पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात, एकात एक दोन पिशव्या घालतात आणि बाहेर थर्माकोलचं खोकं असतं. खोकं किती तास वाटेत असणार, कशाने येणार, उतरवून कोण घेणार, हे विक्रेत्याने आपणहून सांगायला हवं. बरेच जण "जिवंत पोहोचण्याची हमी" देतात. मेलेल्या माशाचा व्हिडिओ पाठवला की दुसरा मासा फुकट. दुकानदाराच्या दृष्टीने हिशोब पूर्ण झाला. पण दुसरा मासा आला म्हणून पहिल्याचा जीव परत येत नाही. म्हणून हमी विचारू नका, पाठवलेल्यांतले किती वाटेत दगावतात ते विचारा. उत्तर द्यायला तो कचरला, की समजून जावं.

छेद. हा शब्द माशांना कसा लागू व्हावा, असं वाटेल. आपल्याकडे काचेसारखा आरपार दिसणारा एक छोटा मासा असतो, ग्लासफिश. त्याच्या अंगात सुईने रंग भरून गुलाबी, हिरवे, निळे मासे विकले जातात. रंग काही महिन्यांत उतरतो, जखमांमुळे कित्येक मासे त्याआधीच जातात. पॅरट माशाची शेपटी कापून त्याला बदामाचा आकार देतात आणि "हार्ट पॅरट" म्हणून विकतात. यादीत असं काही दिसलं, तर त्या दुकानातून साधा गप्पीसुद्धा घेऊ नये.

अतिभारारोपण. बैलावर जास्त ओझं लादणं जसं, तसं एका पिशवीत जास्त मासे भरणं. "दहा घ्या, पाठवणी फुकट" अशा सवलतीत बहुतेक वेळा हेच होतं. दुकानातल्या टाक्यांचा व्हिडिओ मागावा. गर्दी, पृष्ठभागावर येऊन धापा टाकणारे मासे, मिटलेले पर किंवा मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर घेऊ नयेत. मासे बाहेरून आल्यावर किती दिवस वेगळे ठेवता, हेही विचारावं. दोन आठवडे तरी ठेवणारा चांगला.

अन्नपाननिरोध. इथे थोडं समजून घ्यायला हवं. प्रवासाआधी एक-दोन दिवस माशाला खायला देत नाहीत. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी घाण होतं, म्हणजे तो माशाच्या भल्यासाठीच असतो. पण हीच पिशवी वाटेत दोन दिवस जास्त अडकली, तर ती उपासमार होते. म्हणून सणासुदीला आणि शनिवार-रविवारच्या तोंडावर पाठवणाऱ्याकडून घेऊ नये. मासा आत्ता काय खातो, तेही विचारून ठेवावं. ट्युबिफेक्ससारख्या जिवंत कृमींवर वाढवलेला मासा आपल्या घरी कोरडं खाद्य पटकन घेत नाही. आणि बाजारातल्या बहुतेक कोरड्या खाद्यातही माशांची भुकटी असते. डब्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय डबा घेऊ नका. गप्पी, मोली स्पिरुलिनाच्या खाद्यावर बऱ्यापैकी राहतात. निऑनचं तसं नाही, तो निसर्गात बारीक किडे खाणारा. मासे आणायचे की नाही हे ठरवताना ही अडचणही मोजावी लागते.

पाच अतिचारांच्या जोडीला अचौर्यही आहे. मासा तळ्यात वाढवलेला आहे की नदीतून धरलेला? चेन्नईतल्या कोळत्तूर भागात शोभेच्या माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर होते, निऑन आता बहुतेक पैदाशीचेच असतात. पण "मिस केरळ" नावाने विकला जाणारा लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या नद्यांमधला, आणि तो संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत आहे. कुणाच्या यादीत समुद्रघोडा किंवा चांदणीचं कासव दिसलं, तर तो वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

भाचीने हे सगळे प्रश्न तीन विक्रेत्यांना पाठवले. एकाने फक्त दर कळवले. दुसऱ्याने हमीचा मजकूर पाठवला. तिसऱ्याने उलट हिलाच विचारलं की टाकी किती लिटरची, पाण्याचं तापमान किती. मग लिहिलं, "वीस लिटरमध्ये आठ निऑन नकोत. आणि मे महिन्यात मी निऑन पाठवत नाही, उकाडा त्यांना सोसत नाही. पाऊस पडल्यावर बघू, मोठी टाकी झाली असेल तर."

भरवशाचा विक्रेता कसा असतो, ते मला या उत्तरातून कळलं. हातातलं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण मासा त्रासात जायला नको, असं म्हणणारा.

त्याच्या त्या "बघू"मुळे विचाराला वेळ मिळाला. भाचीच्या ऑफिसातल्या एकाकडे शंभर लिटरची टाकी आहे आणि त्यात डझनभर निऑन. त्याने हे तिघे आनंदाने घेतले, आधी दोन आठवडे वेगळे ठेवून मग थव्यात सोडले. पाच नवे जीव कोंडावे लागले नाहीत आणि तिघांना सोबतही मिळाली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "खातायत का नीट?" खातायत.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आधीच टाकी असेल आणि घ्यावेच लागले, तर या गोष्टी लक्षात ठेवा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळतं. पिशवी उघडल्यावर मासे फार वेळ तिच्यात ठेवू नका, कारण हवा लागली की त्या पाण्यातला अमोनिया जास्त जहरी होतो. मासे जाळीने हलकेच उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टाकीत आपलं उकळून गार केलेलं पाणी भरू नका, त्यात ऑक्सिजन उरलेला नसतो. नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच वापरा.

आणि मासे नकोसे झाले म्हणून अभयदान समजून त्यांना नदीत किंवा तळ्यात सोडू नका. काच साफ करतो म्हणून आणलेला सकरमासा असाच लोकांनी सोडला. आज तो देशातल्या कित्येक तळ्यांत पसरला आहे आणि तिथल्या मूळच्या माशांना जगणं कठीण झालं आहे. एकाला अभय देताना आपण शंभरांना भय देऊ नये. सांभाळणारं घर शोधा, सापडेपर्यंत तुम्ही सांभाळा.

जय जिनेंद्र.