फाटकापलीकडच्या मंडळ्या

आमच्या घरची रविवारची उपासना पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकावरच सुरू व्हायची. घर फाटकाच्या अलीकडे, मंडळी पलीकडे, जळगाव शहरात. मालगाडी आडवी आली की आजोबा सायकल स्टँडवर लावायचे, आजी पिशवीतून ‘उपासना संगीत’ काढायची आणि आम्हा चुलत-आते भावंडांना त्या दिवशीचं गीत तिथेच म्हणायला लावायची. शेजारी केळीच्या घडांनी भरलेला ट्रक, दुधाच्या कॅन लावलेल्या सायकली, जिनिंगवर निघालेल्या बाया. कोणी चमकून बघायचं नाही. रस्त्यात उभं राहून देवाचं नाव घेणाऱ्यांची पिंप्राळ्याला सवयच. आषाढी एकादशीला इथल्या विठ्ठल मंदिराचा रथ निघतो तेव्हा अख्खं गाव तेच करतं. आता फाटकाच्या जागी उड्डाणपूल झालाय, त्यामुळे उशिराला कारण उरलेलं नाही. तरी माणसं उशिराच येतात.

आम्ही सगळी आता चाळिशी-पन्नाशीत. एक पुण्याला, एक सुरतेला, एक कतारला, दोघी जळगावातच. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले काही महिने एकच विषय चाललाय: मंडळीचं काय करायचं? शब्बाथ शाळेला पोरं नाहीत, तरुण संघ कागदावर, वार्षिक सभा जागेच्या वादात संपते. पुणेकर भाऊ तिकडच्या एका मोठ्या चर्चचे व्हिडिओ टाकतो. पडद्यावर गाण्याचे शब्द, पार्किंगला स्वयंसेवक, नव्या माणसाच्या हातात कॉफी. खाली लिहितो, ‘शिका जरा दुसऱ्यांकडून.’ त्यावरून जुन्या गोष्टी निघाल्या. प्रत्येकाला वेगळं आठवत होतं, पण सगळ्यांच्या आठवणी एकाच जागी येऊन थांबत होत्या. दुसऱ्यांकडून शिकणं आजीने आयुष्यभर केलं होतं, आणि पाळकसाहेबांना न विचारता केलं होतं.

त्याची सुरुवात तिच्या लग्नापासूनच. जुन्या काळी मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. अकोला, खामगाव, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव हा पट्टा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचा. धुळे, नंदुरबार, नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. दोन्ही नावांत ‘अलायन्स’, शिकवणही सख्ख्या बहिणींसारखी, पण इकडचा सभासद तिकडे न्यायचा तर पत्रापत्री व्हायची. आजोबांचे वडील छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, अनाथ झालेले आणि अकोल्याला मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले. त्यांच्या घरी शिस्त फार. रात्री कर्ता पुरुष शास्त्र वाचणार, कर्ता पुरुष प्रार्थना करणार, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आजी धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी, मिशनच्या बोर्डिंगात मिशनरी बाईंच्या, म्हणजे मिस साहेबांच्या, हाताखाली शिकलेली. सासरी पहिल्याच रात्री सासऱ्यांची प्रार्थना संपली आणि आमेनच्या आत हिने आपली सुरू केली, मोठ्याने. सासऱ्यांनी डोळे उघडले. सासूने कोपराने ढोसलं. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली तेव्हा आजीचं उत्तर एवढंच, ‘मिस साहेबनी शिकाडेल शे.’ मिस साहेबांचा दाखला निघाल्यावर कोण काय बोलणार? आमच्या लहानपणापर्यंत त्या घरात पाच वर्षांचं पोरही स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करत होतं. एका भावाने तर सलग कित्येक दिवस फक्त बकरीच्या पिल्लासाठी केली. आणि त्याच मिस साहेबांमुळे असेल, चहावर जगणाऱ्या खानदेशात आमची आजी सकाळी कॉफी प्यायची.

आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांचं दैवत नारायण वामन टिळक. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली आणि टिळकांनी ती फुलवली, हे ते आम्हाला इतक्या वेळा सांगत की आम्ही ओठ हलवून सोबत म्हणायचो. पण त्यांना खरी ओढ होती ती टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांची. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, मिशनमध्ये मानाने वावरलेल्या या माणसाने 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ख्रिस्ताला गुरू मानलं की झालं. चर्च असंच का, पाश्चात्त्य घडणीचंच का, हा प्रश्न आपल्याकडे एवढ्या धीटपणे त्याआधी क्वचितच कोणी विचारला असेल. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार मागे पडला. आजोबा म्हणायचे, दहा वर्षं मिळायला हवी होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आजीने आजोबांपेक्षा जास्त वेळा वाचलं होतं आणि ती उघडपणे लक्ष्मीबाईंच्या पक्षात होती. ‘दरबार भरवला खरा,’ ती पोळी लाटता लाटता म्हणायची, ‘पगार सोडताना घरातलीला विचारलं होतं का?’ यावर आजोबांकडे उत्तर नसे. मला दोघांचंही पटतं. चर्चची नवी मांडणी करायला निघालेल्या माणसांना स्वयंपाकघर नेहमीच उशिरा आठवतं.

पण आमच्या घरावर सगळ्यात खोल उमटली ती कॅथलिकांची गोष्ट, आणि तीच आम्हाला सगळ्यात नकोशी होती. आत्याने भुसावळच्या रेल्वेतल्या कॅथलिक मुलाशी लग्न केलं. मूर्ती, माळ, मेणबत्त्या! आजोबांनी दोन नाताळ तिच्याकडे पाऊल टाकलं नाही. मग त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. मंडळीतली माणसं पहिल्या आठवड्यात झुंडीने आली, प्रार्थना करून, चहा पिऊन गेली, आणि मग कमी कमी होत गेली. फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, मात्र दर शनिवारी भुसावळहून यायचे, सोबत एक वयस्कर गृहस्थ. दोघं सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने 1833 मध्ये पॅरिसला काढलेली ही संस्था. गरिबाच्या, आजाऱ्याच्या घरी जोडीने जायचं, हा तिचा मूळ नेम. ते आले की उपदेश नाही, वचन नाही. वयस्कर गृहस्थ बादलीत गरम पाणी मागायचे, आजोबांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायचे आणि दाढी करायचे. फुवा नखं काढायचे. मग शेवेचा चिवडा खात ते रेल्वेतल्या बदल्यांवर बोलत बसायचे. आजोबा आधी भिंतीकडे तोंड करून असायचे. पुढे शनिवारी सकाळपासून त्यांचं लक्ष दाराकडे असे.

आजीने एकदा फुवांना विचारलं, गरिबांना द्यायला तुमच्याकडे पैसे येतात कुठून? फुवांनी सांगितलं, सभेत एक कापडी थैली फिरते. जो तो मूठ आत घालतो. कोणी किती टाकले, टाकले की नाही, कोणाला कळत नाही. आजी कितीतरी वेळ गप्प होती. आमच्याकडे तेव्हा देणग्या नावानिशी वाचल्या जायच्या: अमुक यांजकडून एकावन्न, तमुक यांजकडून अकरा. अकरावाल्यांची मान खाली जायची. त्याच आठवड्यात तिने जुन्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची थैली शिवली, तोंड इतकं अरुंद की हात जेमतेम जावा, आणि गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेत फिरवली. पहिल्यांदा चिल्लर निघाली, तीही थोडी. एक बाई म्हणालीसुद्धा, नाव नाही तर कोण देणार? पण थैली फिरत राहिली. मग एका गुरुवारी पैशांबरोबर घडी घातलेला कागद निघाला: ‘सिलिंडर संपलंय.’ खाली नाव नाही. अक्षर आजीने ओळखलं. त्या बाईला लिहायला तिनेच शिकवलं होतं. ती कोणाला काही बोलली नाही. दोन दिवसांनी एका घरी सिलिंडर पोचलं. त्यानंतर त्या थैलीत देणंही येऊ लागलं आणि मागणंही. थैलीत मागणी टाकायची हे फुवांनाही सुचलं नव्हतं. ती आजीच्या बायकांची भर.

हुडको वसाहतीकडे पुढे हाललूयावाल्यांच्या, म्हणजे पेंटेकॉस्टलांच्या, बैठका सुरू झाल्या. ढोलक, टाळ्या, हिंदी गाणी, शुक्रवारची उपास-प्रार्थना, सगळ्यांनी एकदम मोठमोठ्याने केलेल्या विनंत्या. आमच्या वडीलजनांनी हे बाहेरचं खूळ ठरवलं. आजीने त्यांना केडगावची आठवण करून दिली. 1904 मध्ये वेल्समध्ये उज्जीवन झालं, त्याची खबर पंडिता रमाबाईंपर्यंत पोचली, त्यांनी 1905 च्या सुरुवातीला केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींचे प्रार्थनेचे गट बांधले, आणि जूनमध्ये तिथे जे घडलं ते याहून शांत नव्हतं. शेकडो मुली एकदम रडत, ओरडत प्रार्थना करत होत्या. म्हणजे आपल्याच बाईने लांबच्या मंडळ्यांकडून आपणहून आणलेली ही गोष्ट, आणि तीही मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद करणाऱ्या विदुषीने. आजी स्वतः हुडकोत जाऊन बसू लागली. तिथे कोणतीही बाई उठून साक्ष देते, भांडी घासणारी असो की मास्तरीण, हे तिला फार आवडलं. पण एका प्रचारकाने शेजारणीला मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं तेव्हा तीच आजी त्या शेजारणीच्या घरी रोज सकाळी जाऊन, गोळी गिळेपर्यंत समोर बसायची. मग प्रार्थना.

आजोबा याबाबतीत रथाचा दाखला देत. पिंप्राळ्याचा रथ ओढायला हवी तेवढी गर्दी मिळते. चाकाखाली मोगरी लावणारे मात्र ठरलेले, वळणावर जिवावर उदार होऊन लाकडाचा तो ठोकळा बरोबर घालणारे. उज्जीवन सभांना ओढणारे खूप आहेत, ते म्हणत, मोगरीवाला शोधा. लुळ्या हाताने ते आमच्या खांद्यावर भार देऊन दर आषाढीला रथ बघायला उभे राहायचे, आणि त्यांची नजर चाकांवर असायची.

एक गोष्ट आम्हाला मोठेपणी कळली आणि तिने मला तरी खूप विचारात पाडलं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स असे एकमेकांचा बाप्तिस्माही न मानणारे लोक, चाळीसएक वर्षांच्या वाटाघाटींनंतर एकत्र बसले. ऐन वेळी मेथॉडिस्टांचा एक मोठा गट बाहेर राहिला. आमची अलायन्सही त्यात कधी गेली नाही. त्याच 1970 मध्ये परदेशी मिशनांची इस्पितळं एका छत्राखाली आणणारी इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन उभी राहिली. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं इस्पितळ, आजीच्या माहेरच्या मिशनने उभारलेलं, पुढे तिच्यातच आलं. वेगवेगळ्या मिशनांची इस्पितळं, पण औषधं, नर्सिंग, डॉक्टर मिळवण्याची अडचण एकच. प्रभुभोजनाच्या टेबलाशी बसायला जी माणसं तयार नव्हती ती ऑपरेशनच्या टेबलाशी बसली. आजीच्या भावाची मुलगी चिंचपाड्याला नर्स होती; तिला कोणी विचारलं, तुम्ही कोणत्या मंडळीचे, तर ती म्हणायची, ‘रात्रपाळीचे.’

2020 चा ईस्टर, 12 एप्रिल, टाळेबंदीत आला. बऱ्याच मंडळ्या त्या दिवशी फोनच्या पडद्यावर गेल्या आणि तिथून आमच्या भावंडांना सगळं जग दिसायला लागलं. बंगळुरूची गाणी, केरळची प्रवचनं, वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’वरच्या चर्चा. ते वाईट नव्हतं. एका वहिनीने दिब्रिटोंचं बायबल विकत घेतलं आणि ती आता पोरांना त्यातूनच वाचून दाखवते. प्रोटेस्टंट घरात कॅथलिक फादरचं बायबल! आजी असती तर तिने आधी हातात धरून वजन बघितलं असतं. पण त्याच काळात घरात बसून उपासना चालवायला कितीजणांना जमलं नाही हेही दिसलं. पाळक नाही तर प्रार्थना कोणी करायची, यावर घरंच्या घरं अडून बसली होती.

म्हणून पुणेकर भावाच्या व्हिडिओंबद्दल माझं म्हणणं असं, की पडदा जरूर लावू. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना मोठी अक्षरं हवीच आहेत, आणि एखादा दानशूर आठवड्यात पडदा देईल. मात्र त्या चर्चमधून शिकायचंच असेल तर कॉफी देणाऱ्या पोराला विचारायला हवं, की त्या नव्या माणसाच्या घरी मंगळवारी कोण गेलं. पुणेकर भावाने खरंच विचारून पाहिलं. तिथे भागांप्रमाणे लहान गट आहेत, दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी भरतात, आणि आजाऱ्याची यादी त्या गटाकडे असते, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. तीन वर्षं तो तिथे जात होता.

यावर जळगावच्या बहिणीने ग्रुपवर सरळ यादी टाकली. पिंप्राळा, हुडको आणि स्टेशनच्या बाजूचे एकटे राहणारे म्हातारे, कोणत्या मंडळीचे ते न बघता. दोघा-दोघांची जोडी, गुरुवार. एक कॅथलिक शाळेतल्या बाई तयार आहेत, हुडकोतला एक हाललूयावाला रिक्षावालाही. कतारच्या भावाने लगेच लिहिलं, किती पैसे पाठवू? तिने उत्तर दिलं, थैलीत टाकून पाठव, रक्कम सांगू नको. आणि डिसेंबरात येशील तेव्हा दोन गुरुवार तुझे धरलेत. सुरतेच्या भावाला दाढी करता येते का, अशीही चौकशी झाली. त्याला येत नाही. नखं काढता येतात.

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी बहिणीला फोन केला. उपक्रम चांगला आहे, म्हणाले, पण हा कोणत्या समितीखाली घ्यायचा? पंचकमिटीत मांडावं लागेल, ठराव लागेल. ती म्हणाली, ‘ठराव करा ना सावकाश. या गुरुवारी रिक्षावाले भाऊ गावी जाताहेत, तेव्हा साडेचारला तुमची स्कूटर लागेल. आणि तुम्हीही.’