मोलाचे सहकार्य

दिवाळी जवळ आली की ऑफिसात अजूनही पहिला प्रश्न तोच असतो, "यंदा सानुग्रह किती?" आणि मला २०२० ची यादी आठवते. ती मीच टाइप केली होती.

लोक त्याला बोनस म्हणतात. पण १९६५ चा बोनस कायदा स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू नव्हता. म्हणून महापालिका देतात ते 'सानुग्रह अनुदान', एकरकमी. त्या वर्षी मुंबईत १५,५०० रुपये जाहीर झाले. आमची महापालिका लहान, त्यामुळे आकडा त्याहून कमी. पण करोनातल्या कामाची दखल म्हणून ही रक्कम आहे, असं साहेबांनी बैठकीत सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. वाटलं, कोणीतरी आपल्याकडे पाहिलं.

लॉकडाऊन, पास, निम्मी हजेरी हे सगळ्यांनी भोगलंय, ते पुन्हा सांगत नाही. मी आरोग्य विभागात आस्थापना लिपिक. शववाहिनीचं लॉगबुक तेव्हा माझ्याकडे यायचं. गाडीवरचा ड्रायव्हर कंत्राटी, ठेकेदाराचा माणूस. सप्टेंबरात एका दिवशी त्याच्या अकरा फेऱ्या झाल्या. नातेवाईक विलगीकरणात, त्यामुळे खांदा द्यायलाही हा आणि याचा हेल्पर. बायको-मुलांना गावी पाठवून तो गाडीच्या शेडमध्ये झोपायचा. लॉगबुक खिडकीबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा आणि मागे सरकून उभा राहायचा. मला लागण होऊ नये म्हणून.

सानुग्रहाच्या यादीचा नमुना आला त्यात रकाना होता 'मंजूर पद'. त्या ड्रायव्हरला पद नव्हतं. मी साहेबांना विचारून वेगळी टिपणी ठेवली, शववाहिनीवरच्या चौघा कंत्राटी कामगारांना एकवेळची रक्कम द्यावी म्हणून. फाइल लेखा विभागात गेली, तिथून विधीकडे, विधीकडून पुन्हा लेखाकडे. कोणी वाईट बोललं नाही. लेखापालांनी समजावलं, "मॅडम, तरतूद नाही. उद्या ऑडिटला आक्षेप निघाला तर वसुली तुमच्या-माझ्या पगारातून." ठेकेदार म्हणाला, करारात असं काही नाही. सहाव्या दिवशी फाइल परत आली. शेवटच्या पानावर शेरा होता, 'तरतूद नसल्याने दप्तरी दाखल'.

त्याला सांगायला मी स्वतः शेडमध्ये गेले. पैशांचं ऐकून तो नुसता "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, पैसे राहू देत. एक कागद द्या. शिक्क्याचा. एप्रिलपासून या गाडीवर मी होतो एवढंच लिहा."

मी होकार देऊन आले. साहेब म्हणाले, तसा कागद देता येणार नाही. उद्या तो कायम नोकरीसाठी कोर्टात गेला तर हाच पुरावा होईल. भीती अगदीच खोटी नव्हती. कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश मुंबई महापालिकेला मानावा लागला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने. साहेब म्हणाले, "सगळ्यांना देतोय तेच करोना योद्धा प्रमाणपत्र द्या. पदनाम नको, तारखा नकोत. मोघम लिहा."

मी मजकूर केला, 'आपण करोना काळात मोलाचे सहकार्य केले.' ज्यांनी धान्याची पाकिटं वाटली त्यांनाही तेच आणि ज्याने माणसं सरणापर्यंत नेली त्यालाही तेच. त्याने ते दोनदा वाचलं, बोट ठेवून. "सहकार्य," एवढंच म्हणाला आणि घडी घालून खिशात ठेवलं.

यादीत माझं नाव होतं. करोनाच्या त्या महिन्यांतले तीन आठवडे मी आजारपणात घरी होते, तरी पूर्ण रक्कम आली. त्यातून मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल घेतला. त्याची मला लाज नाही. मीही काम केलं होतं, रात्री दहापर्यंत रुग्णांच्या याद्या पाठवत होते. ज्या रकमेने बरं वाटलं होतं तीच हातात आल्यावर जड झाली, एवढं खरं.

माझं मत स्पष्ट आहे. साथीच्या काळातली रक्कम आस्थापना सूचीवरून काढूच नये, हजेरीवरून काढावी. मुंबईत कामावर येणाऱ्यांना दिवसाला ३०० रुपये भत्ता दिला, तो हिशेब समजण्यासारखा होता. ठेक्याच्या निविदेतच आपत्तीच्या भत्त्याचं कलम घाला, म्हणजे लेखापालाला तरतूद शोधावी लागणार नाही. आणि कंत्राटी भावांनो, लॉगबुकच्या पानांचे फोटो काढून ठेवा. प्रमाणपत्रावर विसंबू नका.

हे लिहिताना वाटतं, मी कोणाला सांगतेय? लेखापाल चुकीचे नव्हते. वसुली निघाली असती तर मीही भरली नसती. साहेबांनी मोघम लिहा म्हटलं, तेही नोकरी सांभाळायला. पण 'सहकार्य' हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता. तो मला सुचला होता. 'सेवा' लिहिता आलं असतं. 'काम' लिहिता आलं असतं.

दुसऱ्या लाटेत तो पुन्हा त्याच गाडीवर होता. लॉगबुक स्टुलावर ठेवून मागे सरकायचा. मी सही करायचे. त्या कागदाबद्दल तो पुढे कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही.