मिलिटरीची जुनी गाडी घेताना

आमच्या वस्तीचा रस्ता काळ्या मातीचा. जूनपासून टेम्पोवाले यायला नाही म्हणतात, टोमॅटोचे क्रेट ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत न्यावे लागतात. म्हणून चारही चाकं ओढणारी गाडी बघतोय. नवी आपल्या आवाक्यात नाही. देवळालीकडं एकाकडं दोन जुन्या गाड्या असल्याचं कळलं. सोबत शेजारच्या नानांना घेतलं. नाना ईएमईतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, हयात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली.

पहिली उघडी जीप. विकणारा म्हणे, दुसऱ्या महायुद्धातली आहे. नानांनी पुढची जाळी मोजली. सात फटी. महायुद्धातल्या विलिस आणि फोर्डच्या जीपला नऊ फटी असायच्या, मागं उघडणारं फाळकं नसायचं, स्टेपनी मागच्या पत्र्याला. हिला फाळकं होतं. म्हणजे नंतरची, हिरवा रंग मारलेली. गाडी वाईट नव्हती, पण किंमत इतिहासाची सांगत होता. सोडून दिली.

दुसरी मारुती जिप्सी, १३०० सीसी पेट्रोल. दाराच्या आतल्या बाजूला रंगाखाली जुना नंबर पुसट दिसत होता. लष्कराच्या नंबरात आधी वर टोक असलेला बाण असतो, त्यानंतरचे दोन अंक म्हणजे साल. किलोमीटर कमीच दाखवत होती, पण नाना म्हणाले, "अरे, उभी गाडी जास्त खराब होती. मीटर नको बघू, रबर बघ." टायरवर चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. हिचे टायर २२१३ चे, नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक चिरा. ब्रेकचे रबर आणि पेट्रोलची टाकी यांचाही खर्च धरूनच चालायचं.

मग नाना खाली झोपले. हातोडीनं चासी ठोकत गेले. चांगलं लोखंड ठणठण वाजतं, कुजलेलं थप करतं. मागच्या पाट्यांच्या टोकाला चिखल बसून तिथंच जास्त गंजतं. आणि खाली ताजा जाड काळा रंग दिसला की तिथं आधी ठोकायचं. हिची चासी चांगली निघाली.

खरी गंमत पुढच्या चाकांची. नानांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं एक चाक जॅकवर घेतलं, दोन्ही हब लॉक केले, लिव्हर फोर-व्हीलला, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. आता चाक हातानं फिरता कामा नये. ते भिंगरीसारखं फिरलं! म्हणजे पुढचा कुठला तरी हब नाहीतर आतला एक्सल गेलेला. मालक म्हणत होता, रस्त्यावर चालवून बघा. डांबरीवर काय कळणार? उलट या गाडीत फोर-व्हील लावून डांबरी रस्त्यावर वळवलं तर सगळं आखडतं, ते ढेकळातच वापरायचं.

एवढ्यावर वीस हजार कमी करायला तो तयार झाला. पण अडलं कागदावर. लष्कराच्या मालकीतून सुटलेल्या गाडीची आरटीओकडं नव्यानं नोंदणी लागते, आणि त्याला लष्करी अधिकाऱ्यांचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. लिलावाच्या पावतीची झेरॉक्स म्हणजे ते नव्हे. हा म्हणे एजंट करून देईल. मी म्हटलं, मग एजंटनं केल्यावर फोन करा. चासी आणि इंजिन नंबरचा फोटो काढून आणलाय, कागद आला की अक्षर न् अक्षर जुळवणार. तोवर टोकनसुद्धा नाही. बिननोंदणीची गाडी ठोकली तर विमा कोण देणार?

आणखी एक, पोरांना तो हिरवा रंग फार आवडतो. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, तसा नियमच आहे. तेव्हा रंगाचेही पैसे हिशेबात धरा.

कोणी जिप्सीचा पुढचा हब बदलून घेतला असेल तर किती खर्च आला ते कळवा.