सेव्ह केलंय रे, पण कुठल्या नावानं?

तुमच्या ब्राऊझरमध्ये बुकमार्क्स किती? मोजले नसतील तर मोजूच नका. माझे चार हजारांवर आहेत. होम लोनचे रेट्स, एक्सेलच्या ट्रिक्स, आजवर एकदाही न केलेल्या पदार्थांच्या रेसिपीज... कंट्रोल-डी दाबलं की वाचून झाल्यासारखंच वाटतं!

पण त्यातला एक गठ्ठा खास आहे. मी मूळचा चंद्रपूरचा, नोकरी पुण्यात. 'चंद्रपूर म्हणजे ऊन आणि वाघ ना?' हे ऑफिसात ऐकून ऐकून मी चंद्रपूर आणि गडचिरोलीबद्दल दिसेल ते साठवत गेलो. ताडोबा, आनंदवन, हेमलकसा, शोधग्राम, मार्कंड्याची मंदिरं. सात-आठशे लिंक्स सहज असतील.

मध्यंतरी मामेभावाचा फोन आला. तो गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात राहतो. 'दादा, आठ दिवसांनी ग्रामसभा हाये. जंगलाचा आराखडा करायचा हाये. मेंढा-लेखाचं तुह्यापाशी सारं जमा हाये ना? पाठव ना.'

मेंढा-लेखा हे धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं गाव. वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने द्यायचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. भावाच्या गावाला हे सगळं हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

मी 'मेंढा' सर्च केलं. रिझल्ट तीन. रोमन स्पेलिंग टाकलं, अकरा. बाकीचे गेले कुठे?

गंमत अशी आहे, की ब्राऊझर बुकमार्कचं फक्त नाव आणि पत्ता शोधतो. पानाच्या पोटात काय लिहिलंय, ते तो बघत नाही. पानाचं नाव नुसतं 'होम' असेल तर विषय संपला! त्यात आमच्याकडे नावांचा घोळ. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला. त्याआधीच्या कागदांत तिथली गावं चांदा नाहीतर चंद्रपूर जिल्ह्यात सापडणार. शिवाय मराठी पेपरांच्या जुन्या साइट्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. त्यांची शीर्षकं म्हणजे रोमन अक्षरांची भेळ. शोधणार काय, कपाळ?

मग दोन रात्री बैठक मारली. फोल्डरच्या आत फोल्डर केले नाहीत. आनंदवनची लिंक 'आरोग्य'मध्ये टाकायची, 'शेती'मध्ये की 'वरोरा'मध्ये? तिन्ही बरोबर, म्हणून तिन्ही शब्द तिच्या नावातच घातले. फायरफॉक्समध्ये टॅग देता येतात. क्रोममध्ये ती सोय नाही, तिथे नाव बदलणं हाच उपाय. 'मेंढा लेखा धानोरा ग्रामसभा बांबू २०११' असं एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये. मग शोधणं सोपं. फायरफॉक्सच्या अॅड्रेस बारमध्ये आधी * आणि स्पेस द्यायची. क्रोममध्ये @ टाइप करून बुकमार्क्स निवडायचं.

दुसरं दुखणं मेलेल्या लिंक्सचं. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४मध्ये सांगितलं, की २०१३मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडतच नाहीत. माझ्याही बऱ्याच लिंक्स गेल्या होत्या. काही पानं वेबॅक मशीनवर सापडली, काही कायमची गेली. नंतर वाचायच्या लिंक्स सांभाळणारं पॉकेटसुद्धा जुलै २०२५मध्ये बंद पडलं. बुकमार्क म्हणजे घराचा पत्ता; घर राहीलच याची गॅरंटी कोण देणार? म्हणून जे खरंच कामाचं, त्याची पीडीएफ करून ठेवलेली बरी.

शेवटी भावाला चौदा पीडीएफ पाठवल्या. लिंक पाठवून उपयोग नव्हता. त्याच्या गावात रेंज मिळते ती शाळेमागच्या टेकडीवर. तिथे जाऊन त्यानं फाइल्स उतरवल्या आणि ग्रामसभेला घेऊन गेला.

सभा झाल्यावर त्याचा फोन आला. 'म्हातारे म्हणे, हे मराठीत काय वाचतं, गोंडीत सांग. मग सारं गोंडीत सांगतलं. दोन तास चालली सभा!' आराखड्यासाठी बायका-माणसांची समिती नेमली गेली म्हणाला. पुढच्या आठवड्यात मेंढ्याला जाऊन प्रत्यक्ष बोलायचंही ठरलं.

हल्ली कंट्रोल-डी दाबताना मी पाच सेकंद थांबतो. ही लिंक उद्या माझ्याकडे कोण मागेल? आणि मागताना तो कुठला शब्द वापरेल? तोच शब्द नावात लिहितो. कुणीच मागणार नाही असं वाटलं, तर टॅब बंद. रेसिपीज तेवढ्या अजून आहेत. रविवारी बघू!