दुष्काळ दोन्ही झाडांना येतो

नाशिक

प्रिय करुणा,



तुझा मेसेज वाचला, पुन्हा वाचला. प्रार्थनेला बसतेस पण आतून काही येत नाही, बायबल उघडतेस आणि तसंच मिटतेस. माझा विश्वास वाळून तर गेला नाही ना, असं विचारलंस. याचं उत्तर फोनवर दोन ओळींत देणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र. तू झाडाच्या भाषेत विचारलंस, तेव्हा मीही झाडांबद्दलच लिहिते.

आधी यिर्मयाचा 17वा अध्याय काढ. तिथे दोन झाडं आहेत. माणसावर भिस्त ठेवणारा वाळवंटातल्या खुरट्या झुडपासारखा, आणि परमेश्वरावर भाव ठेवणारा पाण्याकाठी लावलेल्या झाडासारखा. आपण लहानपणापासून हे ऐकत आलो, पण एक गोष्ट नीट पाहा. पाण्याकाठच्या झाडाला ऊन लागत नाही, असं यिर्मया म्हणतच नाही. ऊन त्यालाही लागतं, अवर्षणाचं वर्षही येतं. फक्त त्याला त्याची धास्ती नसते, कारण मुळं ओलाव्याला पोचलेली असतात. आणि दुष्काळ म्हणजे काय हे यिर्मयाला कुणी शिकवायला नको होतं. तीनच अध्याय आधी त्याने तो रंगवला आहे: पाण्याला गेलेले चाकर रिकामी भांडी घेऊन परततात, भुईला भेगा पडतात, हरिणी गवत नाही म्हणून नुकतं व्यालेलं पाडस टाकून जाते. असं पाहिलेला माणूस हिरव्या पानांबद्दल बोलतो, तेव्हा ते मला खरं वाटतं.

म्हणून कोरडेपणा आला एवढ्यावरून तुझा विश्वास गेला, असा निकाल तू देऊ नकोस. पहिलं स्तोत्रही तेच सांगतं. ते झाड आपल्या हंगामी फळ देतं, बारा महिने नाही. पण रात्रंदिवस काय चालू असतं? परमेश्वराच्या नियमशास्त्राचं मनन. फळाला हंगाम आहे, मुळांच्या कामाला नाही. भक्ती म्हणजे हेच मुळांचं काम, असं मला मनापासून वाटतं. प्रार्थनेत डोळे भरून येणं, गीत गाताना अंगावर काटा येणं, ही देवाची देणगी; आली तर धन्यवाद द्यावेत, नाही आली तरी सकाळी उठून गुडघे टेकावेत.

तू तर दुबईत आहेस, खजुरीच्या देशात. 92व्या स्तोत्राने नीतिमानाला खजुरीची आणि लबानोनातल्या गंधसरूची उपमा दिली आहे. तिथली खजूर ऐन उन्हाळ्यात पिकते, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहेस. ते स्तोत्र पुढे सांगतं की, परमेश्वराच्या घरात लावलेली ही झाडं म्हातारपणीही फळ देतात. आपल्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका आठव. गुडघे धरलेले, डोळ्यांना दिसत नाही, पण कुणाच्या घरी दुखणं आलं की सगळ्यांत आधी त्या प्रार्थनेला हजर. त्यांच्या आयुष्यात कोरडी वर्षं आली नसतील का?

इकडे द्राक्षबागांत वर्षाला दोन छाटण्या होतात, ते तुला माहीत आहेच. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर बाग बघवत नाही, नुसती खोडं आणि खुंट्या. त्या छाटणीवर फळ घेत नाहीत, काडी तयार करतात. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड बाहेर येतात, ते उन्हाळ्यातच त्या काडीच्या डोळ्यांत धरलेले असतात, बाहेरून काही दिसत नसताना. योहानाच्या 15व्या अध्यायात, धरून नेण्याच्या त्या रात्री, प्रभू शिष्यांना सांगतो की फळ देणाऱ्या फाट्यालाही पिता छाटतो, अधिक फळ यावं म्हणून. म्हणजे कात्री लागली याचा अर्थ माळी रागावला, असा नाही. फाट्याला एकच काम सांगितलं आहे: वेलात राहा.

आणि लूकच्या 13व्या अध्यायातलं ते अंजीर! मालक तीन वर्षं फळ शोधतो आहे, मिळत नाही. तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. पुढे त्या झाडाला फळ आलं की नाही, हे येशू सांगत नाही. गोष्ट तिथेच थांबते, खणण्याच्या आणि खताच्या वर्षात. तू आणि मी त्याच वर्षात आहोत. ही मुदत आळसासाठी नाही हे खरं, पण ती आपल्यासाठी मागून घेतलेली आहे. ज्याने ती मागितली, तोच पुढे आपली पापं स्वतःच्या देहावर वाहून झाडावर चढला, असं पेत्र लिहितो. वधस्तंभाला तो झाडच म्हणतो. त्या झाडापाशी उभी राहा, मग आपल्या कोरडेपणाची लाज वाटेनाशी होते.

एक मात्र स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. तिकडे गेल्यापासून तू घरातच एकटी उपासना करतेस, ते पुरेसं नाही. पौल रोमकरांस लिहितो की रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनात कलम झाली आणि त्याच्या मुळाच्या रसात वाटेकरी झाली. आपले बागायतदार डॉगरिज या रानटी द्राक्षाच्या खुंटावर चांगली जात बांधतात. पौलाने उलट सांगितलं, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे, असं स्वतःच म्हटलं. कारण तिथे सगळा जोर मुळाचा आहे, फांदीचा नाही. आणि ते मूळ एका फांदीचं नसतं. मराठी उपासना मिळाली नाही तर इंग्रजी, हिंदी, मल्याळम, कुठल्याही भाषेतल्या मंडळीत जाऊन बस, पण बस.

तर या आठवड्यात यिर्मयाचा 17वा अध्याय रोज वाच, काही वाटो न वाटो. आणि येत्या रविवारी मंडळीत जा. गेलीस की मला कळव. मी तोवर रोज पहाटे तुझं नाव घेऊन प्रार्थना करते आहे.

तुझी,
सुवार्ता