यशस्वीरीत्या काढले आहे

कोणतीही गोष्ट घरात आणणं सोपं. ती बाहेर काढताना घाम फुटतो. भाडेकरूंचा अनुभव पुष्कळांना असेल, मला बँकेच्या खात्यांचा आहे. खातं उघडायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही खुर्ची देतो. तेच गिऱ्हाईक खातं बंद करायला आलं की मात्र चेकबुक परत करा, कार्ड जमा करा, विजेच्या बिलाची स्थायी सूचना रद्द करा, लॉकर असेल तर किल्ली आणा, अशी वरात निघते. गेली वीस-बावीस वर्षं मी ही वरात काउंटरच्या आतल्या बाजूने पाहतो आहे. त्यामुळे संगणकावरून एक सॉफ्टवेअर काढायला अख्खा शनिवार-रविवार गेला याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं, मला वाटलं नाही.

सॉफ्टवेअर होतं नकाशे काढण्याचं. आमची सौ. लग्नाआधी ड्राफ्ट्समन होती. (या धंद्यात बायकांनाही मॅनच म्हणतात.) मुलांच्या पायी बारा वर्षं तिने हे काम बाजूला ठेवलं आणि गेल्या वर्षापासून एका आर्किटेक्टची कामं घरी आणायला लागली. पहिल्या मोठ्या कामाचे नकाशे सोमवारी द्यायचे होते आणि शुक्रवारी रात्री सॉफ्टवेअरने असहकार पुकारला. उघडलं की अर्ध्या मिनिटात आपलं आपण बंद! मदतकेंद्रातल्या मुलाने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "पूर्ण काढा आणि परत टाका."

काढलं. पडद्यावर अक्षरं आली, 'यशस्वीरीत्या काढले आहे.' परत टाकायला गेलो, तर तोच पडदा म्हणाला, 'हे या संगणकावर आधीपासूनच आहे.' मयत म्हणून नोंदलेल्या पेन्शनरचा नोव्हेंबरात हयातीचा दाखला यावा, तसा प्रकार!

"बाबा, फॉरमॅट मारून टाका ना!" चिरंजीव म्हणाले. या पिढीला संगणकाच्या सर्व रोगांवर एवढं एकच औषध माहीत आहे. ढेकूण झाले म्हणून खाट जाळण्यातला हा प्रकार. मी बी. कॉम. आहे, जाळपोळीच्या आधी हिशेब तपासावा, अशी आमची शिकवण.

हिशेब असा, की विंडोजमध्ये 'रजिस्ट्री' नावाची एक खतावणी असते. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये ती लहान वही होती, १९९५ पासून तिचं जाडजूड लेजर झालं. येणारा प्रत्येक प्रोग्रॅम तीत आपलं नाव, पत्ता आणि आवडीनिवडी लिहून ठेवतो. जाताना त्याने नोंदी खोडाव्यात अशी अपेक्षा असते. पण जाताना पंखा-दिवे बंद करून जाणारे पाहुणे तरी किती असतात? नवा प्रोग्रॅम आला की आधी ही वही बघतो आणि जुनी नोंद दिसली की दारातूनच परत फिरतो.

शिवाय हे सॉफ्टवेअर एकटं आलेलं नव्हतं. यादी उघडली तर भाषेचं वेगळं, विटा-फरशांच्या नमुन्यांचं वेगळं, परवाना सांभाळणारं वेगळं, असं सगळं कुटुंब नांदत होतं. मुख्य सॉफ्टवेअर गेलं तरी परवान्याच्या फायली मागे राहतात आणि नव्या सॉफ्टवेअरला जुनाच रोग चिकटतो. एकेकाला निरोप दिला, मध्येच संगणक बंद करून पुन्हा चालू केला. यादीत 'सी प्लस प्लस' नावाची, पुढे साल लावलेली सात-आठ मंडळी होती. चिरंजीवांचा हात त्यांच्याकडे वळला.

"अरे थांब! ती संयुक्त खाती आहेत. दुसरे प्रोग्रॅमही त्यांच्यावरच चालतात. एकाच्या सहीने बंद करायची नाहीत."

मग तळघराची पाळी. 'प्रोग्रॅमडेटा' आणि 'अ‍ॅपडेटा' ही दोन फोल्डरं विंडोज मुद्दाम लपवून ठेवतं. 'लपलेलं दाखवा' असं सांगितल्यावरच ती दिसतात. आत त्या सॉफ्टवेअरचा पसारा जसाच्या तसा होता.

"अहो, उडवा एकदाचं सगळं," सौ. म्हणाली. आवाजात सोमवार होता.

"खात्यात शिल्लक आहे का ते बघू आधी," मी म्हणालो. बंद करण्याआधी बाकी बघायची, ही बोटांना लागलेली सवय.

शिल्लक होती. अ‍ॅपडेटाच्या पोटात तिने वर्षभर जमवलेलं सगळं निघालं : कोणती रेघ किती जाड छापायची त्याची फाईल, तिचे नेहमीचे नमुने, आणि नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट. त्या चौकटीत 'आरेखन' या रकान्यासमोर तिची आद्याक्षरं होती. दोनच अक्षरं, पण बारा वर्षांत ती कुठेच छापली गेली नव्हती. वाणसामानाच्या यादीवर कोणी आद्याक्षरं घालत नाही. ती काही बोलली नाही, फक्त पेन ड्राइव्ह आणून माझ्या हातात दिला.

तो भरल्यावर मात्र मी निर्दय झालो. फोल्डरं गेली, तात्पुरत्या फायलींचा कचरा गेला. शेवटी रजिस्ट्री. तिची आधी नक्कल काढून ठेवली, कारण या वहीतली भलतीच ओळ खोडली तर अख्खा संगणक संपावर जातो. नोंदी दोन ठिकाणी असतात, एक संगणकाच्या नावावर आणि दुसरी वापरणाऱ्याच्या. दोन्हीकडच्या फक्त या सॉफ्टवेअरच्या नोंदी खोडल्या आणि संगणक पुन्हा चालू केला. रविवारी रात्री दहा वाजता नवं सॉफ्टवेअर मुकाट्याने आत आलं. पेन ड्राइव्हमधली चौकट जागेवर बसली आणि सौ. पहाटे तीनपर्यंत रेघा ओढत बसली. चहा मी केला. नकाशे सोमवारी वेळेवर गेले.

आमच्याकडे एक नियम आहे. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या खात्यातली रक्कम, २०१४ च्या योजनेप्रमाणे, रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. लोकांना वाटतं, गेले पैसे! तसं नसतं. खातेदाराचा हक्क शाबूत राहतो. केव्हाही यावं, ओळख पटवावी आणि आपलं मागून घ्यावं. हा नियम मी काउंटरवर शेकडो लोकांना समजावला असेल. घरात मात्र तो मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. उजव्या कोपऱ्यात छापलेलाच होता.